रानात जाऊन येतो

उन्हाळ्यात जंगलात बघण्यासारखं काही नसतं, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकही माणूस उन्हाळ्यात जंगलात गेलेला नव्हता. ही मंडळी श्रावणात जातात. धबधब्याखाली उभी राहतात, भाजलेलं कणीस खातात, डोंगराकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात आणि निसर्ग बघितला म्हणून परत येतात. त्याच डोंगराला चैत्र-वैशाखात ती उजाड म्हणतात. घरातल्या बाईनं सणाचं लुगडं घडी करून ठेवलं आणि रोजचं नेसलं की तीही उजाड होते का, असं मी एकदा हर्सूल तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या एका गृहस्थांना विचारलं. त्यानंतर मी दिसले की ते वाट बदलू लागले.

मी हर्सूलकडेच राहते. आयुष्यभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली, त्यामुळे पुस्तकांतली जंगलं पुष्कळ फिरून झाली आहेत. त्या जंगलांत माणसं वाट चुकतात, त्यांना कुणी तपस्वी भेटतो आणि ती शहाणी होऊन घरी येतात. खऱ्या जंगलात वाट चुकली की फक्त तहान लागते. हा फरक मला माझ्या थोरल्या भावामुळे कळला.

आमचं गाव सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरांच्या पायथ्याशी. घरामागे आमचं वावर, वावरापलीकडे गावची शीव, आणि शीव ओलांडली की रान. भाऊ शेती करायचा. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, वावर मोकळं झालं की गावातले बाकीचे पुरुष लिंबाखाली बाज टाकून झोपत, नाहीतर पारावर बसून सरकार पाडत. भाऊ सकाळचा चहा घ्यायचा, डोक्याला उपरणं गुंडाळायचा, पाण्याची बाटली खांद्याला अडकवायचा आणि म्हणायचा, "रानात जाऊन येतो." कशाला, ते कधी सांगायचा नाही. दुपार कलली की परत यायचा. हातात लाकूड नाही, डिंक नाही, मध नाही. त्याला कुणी विचारायचंही नाही, कारण पुरुष माणूस बाहेर गेला म्हणजे कामालाच गेला असणार, असं आमच्याकडे गृहीत असतं. शहरात शिकायला येण्याआधी मी त्याच्याबरोबर बऱ्याचदा गेले होते. लग्न होऊन वहिनी घरात आली. ती मात्र एकदाही गेली नाही.

कारण सरळ आहे. उन्हाळा पुरुषाला मोकळा सोडतो, बाईला नाही. पापड, कुरडया, शेवया, सांडगे, वर्षाचं तिखट, वर्षाच्या डाळी हे सगळं त्याच उन्हात उरकायचं असतं. ज्या उन्हात भाऊ रानात होता, त्याच उन्हात वहिनी माळवदावर जुनं धोतर अंथरून पापड पसरत होती. भाऊ वाईट माणूस नव्हता. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या उन्हाळ्यात तुला नेतो. तो खोटंही बोलत नव्हता. उन्हाळे पुष्कळ असतात, अशी त्याची खरोखरची समजूत होती.

पोळ्याच्या सुमारास साधा ताप आला आणि भाऊ गेला. त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याची पहिली आखाजी आली.

अक्षय्य तृतीयेला आमच्या भागात आखाजी म्हणतात. त्या दिवशी पाण्यानं भरलेली घागर मांडायची आणि गेलेल्या माणसांना पुरणपोळी आणि आमरसाचं जेवण वाढायचं. तोवर घरात कुणी आंबा तोंडात घालत नाही, आणि त्या दिवशी गेलेल्याचं पान मांडल्याशिवाय कुणी जेवत नाही. आमच्या घराण्याचा त्यात आणखी एक नियम आहे. पहिल्या वर्षाचं पान विकतचं चालत नाही. ते पळसाचं लागतं, आणि ज्या माणसानं त्याला रोज जेवायला वाढलं, त्यानंच ते स्वतःच्या हातानं तोडून आणायचं, स्वतः टाचायचं. म्हणजे ते काम वहिनीचं.

दुसरा नियम असा की नवरा गेला की बाईनं वर्षभर गावची शीव ओलांडायची नाही. हा नियम कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही. बाईनं केलेला नसावा.

हे दोन नियम पिढ्यान् पिढ्या सुखानं नांदले, कारण पळस आमच्या स्वतःच्या बांधावर होते आणि बांध शिवेच्या आत होता. मग माझ्या भाच्यानं, म्हणजे भावाच्या मुलानं, जेसीबी लावून बांध सरळ करून घेतला. तो शहरात ट्रॅक्टर विकतो, आणि वाकडा बांध त्याच्या धंद्याला शोभत नव्हता. पळस गेले. आता पळस उरले ते फक्त शिवेपलीकडच्या रानात. अशा रीतीनं जे दोन नियम आजवर एकमेकांना कधी भेटले नव्हते, ते समोरासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांच्या मध्ये वहिनी सापडली.

आखाजीच्या आधी तिचा फोन आला. पान, घागर, पाहुणे यांतलं ती काही बोलली नाही. तिनं एवढंच विचारलं, "वन्सं, तुम्हाला ती वाट ठाऊक हाय ना?"

मी विचारलं, कोणती.

"त्यांची," ती म्हणाली.

मी आदल्या दिवशीची एसटी धरली. सिल्लोडपर्यंत बसमध्ये सगळे घामानं भिजले होते, घाट उतरल्यावर भिजायलाही काही उरलं नाही. गावात शिरताना पहिल्यांदा दिसला तो फ्लेक्स. पहिल्या आखाजीनिमित्त माझ्या भावाला अभिवादन केलेलं होतं. ज्या साहेबांच्या उपस्थितीत हे अभिवादन होणार होतं, त्यांचा चेहरा बैलगाडीच्या चाकाएवढा होता. त्यांच्याखाली हात जोडलेला माझा भाचा, मध्यम आकाराचा. आणि खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढा, माझा भाऊ. तो त्या फोटोत जरा बाजूला बघत होता. इतक्या माणसांत आपल्याला कशाला उभं केलं, असा काहीसा चेहरा.

भाच्याला जिल्हा परिषदेचं तिकीट हवं होतं. हे तो लपवत नव्हता आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. बापाची पहिली आखाजी आणि तिकिटाची पहिली पायरी एकाच मांडवात उरकली की मांडव वाचतो, असा त्याचा हिशेब. पानाच्या अडचणीवरही त्यानं तोडगा काढून ठेवला होता. भावाला जेवण चांदीच्या ताटात वाढायचं. फोटोतही चांगलं येतं.

त्या संध्याकाळी ओसरीवर बैठक झाली. आमचे थोरले चुलतभाऊ आले होते. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. घराण्याचे रीतिरिवाज त्यांना तोंडपाठ आहेत आणि चुकलेल्या माणसाला ते चारचौघांत दुरुस्त करतात. दादांनी निकाल दिला की चांदीचं ताट चालणार नाही, पान पळसाचंच पाहिजे. मग पुढचा निकाल दिला की वहिनीनं शीव ओलांडायची नाही. भाचा म्हणाला, मग मी गड्याला मोटारसायकलवर पाठवतो, पोतंभर पानं आणून टाकेल. वर रानात बिबट्या आहे, असंही त्यानं घातलं. बिबट्या फक्त आईला खातो आणि गड्याला सोडतो, हे मला नव्यानं कळलं.

वहिनी आतल्या दाराशी बसून पुरणाची डाळ निवडत होती. मान खाली घालूनच ती म्हणाली, "गडी जेवायला वाढायचा का त्यांना?"

दादांना हे मान्य करणं भाग होतं, आणि तेच त्यांना जड गेलं. एक नियम असला की दादा वाघ असतात. दोन नियम एकदम पुढे आले की त्यांना तंबाखूची आठवण होते. त्यांनी चंची काढली, तंबाखू मळत राहिले, आणि सकाळी बघू म्हणून उठले. आमच्याकडे सकाळी बघू म्हणजे जे चाललंय तेच चालू द्या.

मी त्या घराण्याच्या नियमांना काडीची किंमत देत नाही. पितरं पानावर जेवतात की ताटात, यावर माझं काही मत नाही, कारण ती जेवतात यावरच माझा विश्वास नाही. पण वहिनीला नियम पाळायचा नव्हता, तिला रान बघायचं होतं. बायकोला घराबाहेर पडायला निमित्त लागतं आणि विधवेला तर नियमच लागतो. तिला एक सापडला होता. तो मी हातचा जाऊ देणार नव्हते.

फटफटायच्या आत आम्ही मागच्या दारानं निघालो. वहिनीनं भावाचे कॅनव्हासचे बूट घातले होते. घरातलं त्याचं सगळं सामान वाटून झालं होतं, ते बूट तेवढे शिल्लक होते, कारण पायताण दान करायला भाच्याला कमीपणा वाटला. बुटांत पुढे चिंध्या कोंबलेल्या. ऊन लागू नये म्हणून पदराच्या टोकाला एक कांदा बांधलेला. डोक्यावरून पदर, हातात पाण्याचा डबा. अशी ती वावरातून चालली तेव्हा बुटांचा फटक फटक आवाज येत होता आणि ती मागे वळून बघत नव्हती.

वावर संपतं तिथं शिवेचा दगड आहे. शेंदूर फासलेला, गुडघ्याएवढा. त्याला म्हसोबा म्हणतात. वहिनी त्याच्यापाशी थांबली. मी चार पावलं पुढे गेले होते, मीही थांबले. मला वाटलं, आता ती परतणार. तशी परतली असती तर मी काही म्हटलं नसतं. एवढ्या वर्षांची सवय सकाळच्या एका चालण्यात जात नाही. ती दगडाकडे बघत उभी राहिली, जणू समोर कुणी दार अडवून बसलंय.

मग ती त्यालाच म्हणाली, "ते गेले तवा तुला अडवता आलं नाय. मला काय अडवतो."

आणि पलीकडे आली.

वाट चढणीची होती आणि सागाची होती. उन्हाळ्यात साग पूर्ण उघडा होतो आणि त्याची ताटाएवढी पानं वाटेवर पडून करकरीत वाळतात. प्रत्येक पावलाला मोठा आवाज होत होता. वहिनी म्हणाली, "पापडावर चालल्यासारखं वाटतंय." मी हसले. ती हसली नाही. मग जरा पुढे जाऊन तिनं एक पान मुद्दाम टाचेनं फोडलं. मग आणखी एक. त्यानंतर ती वाट सोडून पानांवरूनच चालायला लागली.

या रानाची गंमत अशी की ते काही झाकून ठेवत नाही. पावसाळ्यात डोंगरावर हिरवं पांघरूण असतं, आत काय आहे ते कळत नाही. वैशाखात डोंगराची बरगडी न् बरगडी दिसते. कुठून पाणी वाहतं, कुठला कडा कसा तुटला, ओढा कुठून वळला, सगळं समोर. आणि त्या तपकिरी उघड्या उतारावर मध्येच एखादं कांडोळ उभं असतं, बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चुना लावल्यासारखं पांढरं, अंगावर एक पान नाही. गावात त्याला भुताचं झाड म्हणतात. सूर्य वर आला तेव्हा त्या पांढऱ्या सालीवर गुलाबी उजेड पडला आणि वहिनीनं जाऊन त्याच्यावर तळहात ठेवला. भिंत सारवल्यावर वाळली का बघायला ठेवतात तसा.

त्यापुढे अंजनाची झाडं लागतात. बाकी सगळं रान पानं टाकत असतं तेव्हा अंजनाला नवी पानं येतात, कोणाची परवानगी न घेता. आपट्यासारखी जोडपानं, पण बारीक, आणि नवी असताना तांबूस. वारा नव्हता तरी ती हलत होती. खाली सावली अशी पडली होती की जमिनीवर मुंग्यांची रांग चालल्यासारखी वाटावी. एका बहाव्याखाली सगळं पिवळं झालं होतं. झाडांवरच्या किड्यांनी किर्र असा एकच सूर लावला होता. तो सुरू झाला कधी ते कळत नाही. थांबतो तेव्हाच कळतं की तो होता. थांबला की सगळं रान एकदम जवळ सरकतं.

वहिनीला टेंभरं दिसली. पिवळी, पिकून खाली पडलेली. तिनं वाकून एक उचललं, पदराला पुसलं आणि खाल्लं. लहानपणी माहेरी खाल्ली होती म्हणाली, पण माहेरी ती बाजारातून यायची. मग तिनं ओंजळभर गोळा करून ओच्यात घेतली. मी घड्याळाकडे बघितलं. साहेब येणार होते, मांडव पडला होता, आणि आम्ही टेंभरं वेचत होतो. मला फार बरं वाटलं.

ओढ्याच्या पात्रात उतरलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. पात्र कोरडं, नुसती वाळू आणि गोटे. पण वळणावर एक जुना उंबर आहे, आणि त्याच्या खाली वाळू जराशी ओली राहते. तिथं पांढरी-पिवळी फुलपाखरं झुंडीनं बसली होती. आम्ही जवळ गेलो तशी ती उठली आणि आमच्या भोवती फिरून पुन्हा तिथंच बसली. उंबरातून एक पांढरा पक्षी निघाला. शेपटीला दोन लांब फिती. तो एका फांदीवरून दुसरीवर गेला आणि त्याच्या मागून त्या फिती गेल्या, जरा उशिरानं. पुस्तकात त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. एवढं भारदस्त नाव पक्ष्याला कळलं असतं तर तोही फ्लेक्सवर जाऊन बसला असता.

उंबराचं एक मूळ जमिनीवर आलेलं आहे आणि एका जागी ते गुळगुळीत झालेलं आहे. मी म्हटलं, इथं. इथंच बसायचा.

वहिनी त्या मुळावर बसली. बूट काढले, पाय ओल्या वाळूत ठेवले. त्या वळणावर दोन टेकड्यांमधून वाऱ्याची झुळूक येते, आणि ती ओल्या वाळूवरून येते म्हणून गार असते. तिनं पदर सैल केला. बराच वेळ इकडेतिकडे बघत राहिली. काहीतरी शोधत असावी. एखादी खोपटी, चुलीचे दगड, काहीतरी.

"इथं काय करायचे ते?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काहीच नाय?"

"बसायचा. कधी झोपायचा. मग घरी."

तिनं ते मनात फिरवून बघितलं. मग तिचा चेहरा बदलला, आणि मला वाटलं होतं तसा नाही. ती चिडली होती.

"मला वाटायचं, काय तरी काम असंल," ती म्हणाली. "डिंकाचं, लाकडाचं. एकदा तर वाटलं, दुसरं घर बी असंल कुठं. आसतं तर बरं झालं असतं, भांडले तरी असते. आता ह्याच्याशी काय भांडू?" तिनं उंबराकडे हात केला. "मी तिकडं माळवदावर भाजत व्हते, आन् हे इथं वारा खात बसायचे. आन् मला म्हनायचे, पुढल्या उन्हाळ्यात."

तो माझा भाऊ होता आणि ती खरं बोलत होती.

फोन वाजायला लागला. त्या वळणावर नेमकी रेंज येते. भाचा होता. साहेब सिल्लोडहून निघाले होते, आई कुठे आहे, घरात पाहुणे भरले आहेत, गावभर चर्चा चालली आहे. मी वहिनीला सांगितलं, आता पानं तोडून निघायला हवं. पळस वरच्या अंगालाच होते, इथून दिसत होते.

ती उठली नाही. "फोन बंद करा वन्सं," ती म्हणाली. "मी बी बसते."

मी फोन बंद केला. ती मुळाला टेकली, डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. एक पिकलेलं उंबर टपकन वाळूत पडलं. फुलपाखरं उठली आणि बसली. किर्र थांबली, पुन्हा सुरू झाली. असं कितीदा झालं मी मोजलं नाही. रानात अशा वेळी काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही, आणि नीट सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. एवढं सांगते की तिथं काहीही आपल्यासाठी चाललेलं नसतं. कुणी आपलं स्वागत करत नाही, कुणी सत्कार करत नाही, आणि आपण उठून गेलो तरी कुणाचं अडत नाही. ज्या बाईवाचून सगळ्या घराचं आयुष्यभर अडत आलं, तिच्यासाठी ही सगळ्यात मोठी चैन असावी. तिचा राग हळूहळू उतरला की नाही ते कळलं नाही. बहुधा नसावा. पण ती घोरायला लागली.

जाग आली तेव्हा ती स्वतःच उठली, बूट घातले आणि पळसाकडे गेली. फुलं केव्हाच संपली होती, नवी पानं आली होती. अगदी कोवळी तिनं सोडली. त्यांतून आमरस गळतो. थोडी जून बघून घेतली. एकाच पत्रावळीपुरती, जास्त नाही. फडक्यात पाणी शिंपडून गुंडाळली. परत येताना शिवेच्या दगडापाशी ती क्षणभर थांबली आणि ओच्यातलं एक टेंभूर त्याच्यापुढे ठेवलं. सकाळी जास्त बोलले, असं वाटलं असेल.

ऊन डोक्यावर होतं. मांडवात गावातली आणि बाहेरची मिळून पुष्कळ माणसं बसली होती आणि सगळी उपाशी होती. जे झालं ते मला नंतर कळलं. साहेब, त्यांच्या लौकिकाला न शोभेल असे, वेळेवर आले होते. त्यांनी माझ्या भावाच्या सामाजिक कार्यावर भाषण केलं. भाऊ त्यांना कधी भेटला नव्हता आणि त्यानं सामाजिक कार्यही कधी केलं नव्हतं, पण भाषण चांगलं झालं म्हणे. भाषण संपलं तरी वहिनी आली नाही, म्हणून त्यांनी आणखी एक केलं. मग भाच्यानं चांदीचं ताट मांडून जेवणं सुरू करायची तयारी केली, तर दादा आडवे आले. पान मांडल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि पान आणायला घरची बाई गेलेली असताना ताट मांडायचं नाही. ज्या गाठोड्यातला एक नियम त्यांनी वहिनीला अडवायला काढला होता, त्याच गाठोड्यातला दुसरा आता साहेबांना अडवून बसला होता. दादांची एक गोष्ट मात्र मानली पाहिजे. त्यांचे नियम माणूस बघून बदलत नाहीत. भाचा हात जोडत होता, साहेब आपल्याच मोठ्या चेहऱ्याखाली बसून वारा घेत होते, आणि स्वयंपाकघरात पुरणपोळ्या गार होऊन बसल्या होत्या.

त्या सगळ्यांमधून वहिनी भावाच्या बुटांत फटक फटक करत आली. तिनं नळावर हातपाय धुतले, ओसरीवर मांडी घातली, फडकं सोडलं आणि पानं टाचायला घेतली. घाई अजिबात नाही. एक पान, एक काडी. पुन्हा एक पान.

भाचा तिच्याजवळ वाकून हळूच म्हणाला, "आई, साहेब थांबलेत."

"थांबू दे," ती म्हणाली. "मी लई उन्हाळे थांबले."

मग दादा आले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "शीव वलांडली?"

वहिनीनं डोक्यावरचा पदर सारखा केला, पण मान खाली घातली नाही. "व्हय," ती म्हणाली. "पान तिकडंच व्हतं."

दादा तिच्या मांडीवरच्या पत्रावळीकडे बघत उभे राहिले. वर्षभराचा एक नियम मोडलेला होता आणि घराण्याचा एक नियम तिथंच तयार होत होता, गोल, हिरवा, काड्या नीट बसलेल्या. त्यांनी चंचीकडे हात नेला, मग तो परत घेतला.

"पाट मांडा," ते म्हणाले.

भावाचं जेवण पळसाच्या पानावर वाढलं गेलं. पुरणपोळी, कुरडई, भजी, आमरस. एक थेंब गळला नाही. पानाच्या कडेला वहिनीनं चार टेंभरं ठेवली. तो प्रकार कुठल्याच नियमात नव्हता, पण दादांनी त्यावर काही म्हटलं नाही. साहेब त्यानंतर पुष्कळ जेवले.

याला आता वर्ष झालं. भाच्याला तिकीट मिळालं नाही. फ्लेक्स खाली उतरला आणि सध्या तो कडब्याच्या गंजीवर झाकण म्हणून आहे; साहेबांचा चेहरा वरच्या बाजूला आहे, ते सोयीचं पडलं असावं. यंदाची आखाजी साधी झाली. पहिलं वर्ष नव्हतं, त्यामुळे रानातून पान आणायची कुणावर सक्ती नव्हती आणि शिवेचा प्रश्न नव्हता.

आखाजीच्या जरा आधी एका सकाळी मी वहिनीला फोन केला. उचलला भाच्यानं. तो दोन दिवसांसाठी गावी गेला होता आणि वैतागलेला होता. आई घरात नाही म्हणाला. कुठे गेली विचारलं, तर म्हणाला, "बापाचे बूट घातले, बाटली घेतली, आणि म्हणे रानात जाऊन येते. गडी सांगतो, पंधरा दिवस हेच चाललंय."

"कशाला?"

"तेच तर सांगत नाही, आत्या."

मग जरा थांबून त्यानं खरी तक्रार सांगितली. घरात यंदा वाळवण झालेलंच नाही. पापड विकत आणावे लागले.

मी म्हटलं, मिळतात की चांगले.